बर्फातला माणूस : नमुना की पाहुणा?

विज्ञानकथेवरचा चित्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अवकाशयाने, यंत्रमानव आणि परग्रहावरचे विचित्र प्राणी येतात. १९८४ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘आइसमॅन’ या चित्रपटात यांपैकी काहीही नाही. त्यात आहे एक माणूस. तो चाळीस हजार वर्षांपूर्वीचा आहे, एवढेच त्याचे वेगळेपण. चित्रपटाचे दिग्दर्शक फ्रेड शेपिसी हे ऑस्ट्रेलियाचे. आदिमानवाची भूमिका केली आहे जॉन लोन या नटाने. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या या नटाचे शिक्षण चिनी संगीत-नाट्याच्या परंपरेत झाले होते. उभ्या चित्रपटात त्याला आपल्याला कळेल असा एकही संवाद नाही, तरी त्याच्या मनातले सारे कळते, ते बहुधा त्या शिक्षणामुळेच.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी हा चित्रपट पाहिला नसेल, म्हणून कथा थोडक्यात सांगतो. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात एका संशोधन-केंद्राच्या लोकांना बर्फात गोठलेले एक मानवी शरीर सापडते. शवविच्छेदन करायचे म्हणून शास्त्रज्ञ बर्फ हळूहळू वितळवू लागतात आणि त्यांच्या लक्षात येते, की हे शव नाही. या शरीरात अजून प्राण आहेत. मग एकच धावपळ उडते आणि तो माणूस खरोखरच डोळे उघडतो.

त्याला काय दिसते? पांढरे कपडे घातलेल्या, नाकातोंडावर पट्ट्या बांधलेल्या आकृती आपल्याभोवती वाकून उभ्या आहेत. तो घाबरतो, धडपडतो. सगळे गोंधळून जातात. त्या गर्दीत फक्त एकाला सुचते. स्टॅन्ली शेफर्ड नावाचा मानवशास्त्रज्ञ पुढे होतो आणि आपल्या तोंडावरची पट्टी खाली ओढतो. खाली दाढी असलेला माणसाचा चेहरा! तो चेहरा पाहून हा चाळीस हजार वर्षांपूर्वीचा माणूस शांत होतो आणि झोपी जातो. माझ्या मते सगळा चित्रपट या एका प्रसंगात आहे. बाकीच्या वेळात त्याच प्रसंगाचे धागे उलगडत जातात.

पुढे त्याला झाडे, खडक आणि पाणी असलेल्या एका बंदिस्त कृत्रिम रानात ठेवतात. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे, हे त्याला ठाऊक नसते. पण हे रान खरे नाही, हे त्याला लवकरच उमगते. शेफर्ड त्या रानात शिरतो, त्याच्याशी मैत्री करतो, त्याचे शब्द शिकण्याचा प्रयत्न करतो. तो आपले नाव सांगतो ते ‘चारू’सारखे ऐकू येते. आपल्याकडे हे नाव कोणालाही सहज म्हणता आले असते, आणि त्याचा अर्थही ‘सुंदर’ असा झाला असता! पण केंद्रातले लोक त्याचे सरळ ‘चार्ली’ करून टाकतात. एखाद्याचे नावसुद्धा आपल्या सोयीने बदलायचे, ही सवय लहान दिसते, पण ती लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

असा चित्रपट पाहिला की शाळेतल्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, “असे खरोखर होऊ शकते का?” प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एक टोमॅटो रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेर काढून वितळू द्या. तो लिबलिबीत होतो, त्यातून पाणी सुटते. तो पुन्हा पहिल्यासारखा कधीच होत नाही. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची आवरणे फाटतात. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. बर्फ होतो तो शुद्ध पाण्याचा, क्षार मागेच राहतात. त्यामुळे पेशींभोवती उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते, पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्या सुकून मरतात. बर्फाच्या टोकांइतकाच, किंबहुना त्यांहूनही अधिक, हा खारटपणा घातक असतो.

पण निसर्गाने यावरही उपाय शोधले आहेत. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत एक छोटा बेडूक राहतो. हिवाळ्यात त्याच्या शरीरातल्या पाण्यापैकी सुमारे ६५ टक्के पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबते, श्वास थांबतो. हातात घेतला तर दगडासारखा टणक लागतो. वसंत ऋतू आला की तो वितळतो आणि टुणकन उडी मारून चालू लागतो! गोठू लागताच त्याचे यकृत रक्तात भरपूर ग्लुकोज सोडते, ते पेशींत शिरते आणि आतल्या पाण्याचा बर्फ होऊ देत नाही. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत.

माणसांनीही हा प्रयोग करून पाहिला आहे. १९५० नंतरच्या दशकात लंडनजवळ मिल हिल येथील वैद्यकीय संशोधन संस्थेत ऑड्री स्मिथ आणि जेम्स लव्हलॉक यांनी हॅम्स्टर नावाचे उंदरासारखे प्राणी थोडा वेळ गोठवून पुन्हा जिवंत केले. हेच लव्हलॉक पुढे ‘गाया’ सिद्धांतामुळे जगप्रसिद्ध झाले. मात्र मोठ्या प्राण्यांवर हा प्रयोग यशस्वी झाला नाही. शरीर मोठे असले की ते सगळीकडून सारख्या वेगाने ना गोठवता येते, ना वितळवता येते. याउलट जीव जितका लहान, तितके काम सोपे. ‘आइसमॅन’ प्रदर्शित झाला त्याच १९८४ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून जगातले पहिले मूल जन्माला आले. पण तो भ्रूण म्हणजे मूठभर पेशींचा पुंजका. तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला ठेवता येतो. साठ किलोच्या माणसाला ते जमत नाही.

चाळीस हजार वर्षांचे काय? येथे निसर्गाने चित्रपटाच्या लेखकांनाही मागे टाकले आहे. सायबेरियात कोलिमा नदीजवळ कायम गोठलेल्या जमिनीतून काढलेले सूक्ष्म गोलकृमी वितळवल्यावर वळवळू लागले आणि त्यांनी पिलावळही वाढवली. त्या मातीचे वय सुमारे ४६,००० वर्षे असल्याचे २०२३ साली जाहीर झाले. म्हणजे आपल्या चारूपेक्षाही वडीलधारे! पण हा कृमी डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा असतो आणि जीवनव्यवहार जवळजवळ शून्यावर आणण्याची कला त्याच्या वंशाला अवगत आहे. आपल्याला ती नाही. याच सायबेरियात १९७७ साली सापडलेले ‘दिमा’ हे मॅमथचे पिल्लू जवळपास चारूच्याच काळातले. त्याची कातडी, सोंड, आतडी सगळे शाबूत होते. ते मात्र मेलेलेच होते.

आता वर्गात फळ्यावर सोडवता येईल असे एक गणित देतो. समजा, पेशी न फाटता माणूस गोठवला. तरी तो टिकेल का? आपल्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते. त्यातला अगदी थोडा अंश किरणोत्सर्गी असतो. त्यामुळे तुमच्या शरीरात या क्षणी दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत आहेत. घाबरू नका. यातून वर्षाला मिळणारी मात्रा सुमारे ०.१७ मिलिसीव्हर्ट, म्हणजे नगण्य असते आणि जिवंत पेशी आपली डागडुजी रोज करीत असतात. पण गोठलेल्या पेशीला डागडुजी करता येत नाही. नुकसान साचत जाते. ०.१७ ला ४०,००० ने गुणा. उत्तर येते ६,८०० मिलिसीव्हर्ट. एकदम मिळाली तर उपचाराविना निम्मी माणसे दगावतील अशी मात्रा ४,००० ते ५,००० च्या आसपास आहे. आजूबाजूच्या खडकांतून आणि आकाशातून येणारे किरण तर आपण यात धरलेच नाहीत. म्हणजे चारूला जागे केले तरी तो आतून जळालेलाच असणार.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चित्रपटात आणखीही चुका आहेत. चारू हा निअँडरथल मानव असल्याचे दाखवले आहे. निअँडरथल मानवाचे अवशेष युरोपपासून पश्चिम आशियापर्यंत आणि पूर्वेला सायबेरियातल्या अल्ताय पर्वतापर्यंत मिळतात. अमेरिका खंडात किंवा ध्रुवाच्या टोकाशी तो कधी पोहोचल्याचा पुरावा नाही. पण अशा चुका मोजत बसणारा प्रेक्षक मला विज्ञाननिष्ठ वाटत नाही, नुसता चिकित्सक वाटतो. विज्ञानकथा एक अशक्य गोष्ट गृहीत धरते, ती त्यापुढचा विचार करता यावा म्हणून. भूमितीत आपण ‘समजा’ म्हणतो, तसेच हे ‘समजा’. मग समजा, तो उठला. आता त्याचे करायचे काय?

त्याआधी एका गोष्टीसाठी चित्रपटाचे कौतुक करायला हवे. फ्रान्समधील ला शापेल येथे १९०८ साली निअँडरथलचा एक सांगाडा सापडला. मार्सेलँ बूल या विद्वानाने त्यावरून वाकलेल्या गुडघ्यांचा, पुढे झुकून खुरडत चालणारा, अर्धपशू माणूस रंगवला. तेच चित्र पुढे पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. १९५७ साली तो सांगाडा पुन्हा तपासला गेला तेव्हा दिसले, की तो माणूस वयस्कर होता आणि संधिवाताने त्याची हाडे झिजली होती. एका आजारी माणसाकडे पाहून साऱ्या जमातीला आपण रानटी ठरवले होते! इराकमधील शानिदार गुहेत तर याच्या उलट पुरावा मिळाला. तिथल्या एका निअँडरथलचा उजवा हात निकामी झाला होता आणि एका डोळ्याने त्याला दिसत नसावे. अशा अवस्थेतही तो वर्षानुवर्षे जगला. कोणीतरी त्याला सांभाळले, खाऊ घातले, त्याशिवाय हे शक्य नाही. १९८३ साली इस्रायलमधील केबारा गुहेत निअँडरथलच्या घशातले छोटे हाड मिळाले. ते आपल्या हाडासारखेच होते. चित्रपटातला चारू बोलतो, विनोद करतो, रागावतो, कशाची तरी आराधना करतो, हे सारे आजच्या ज्ञानाशी जुळणारे आहे.

आणि १९८४ साली कोणालाही ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे. स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली निअँडरथलच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. पुढे २०२२ साली पेबो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निअँडरथलचा सुमारे १ ते २ टक्के डीएनए आहे. तुमच्यात, माझ्यात, हे मासिक छापणाऱ्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगारातही आहे. कोविडचा आजार तीव्र होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा आपल्याला निअँडरथलकडून मिळाला, असे २०२० साली दिसून आले. दक्षिण आशियातले जवळजवळ निम्मे लोक तो वागवतात. युरोपात हे प्रमाण सुमारे १६ टक्के आहे. तेव्हा काचेपलीकडचा चारू हा कोणी परका प्राणी नव्हे. लांबचा का होईना, तो आपला चुलता लागतो.

आता मूळ प्रश्न. केंद्रातल्या शास्त्रज्ञांना चारूच्या शरीरातले गुपित हवे आहे. तो गोठून जिवंत कसा राहिला, हे कळले तर असंख्य रोग्यांचे प्राण वाचवता येतील, असे त्यांना वाटते. त्यासाठी चाचण्या हव्यात, रक्त हवे, कदाचित आणखीही काही. शेफर्ड म्हणतो, तो माणूस आहे, त्याला माणसासारखे वागवा. दिग्दर्शकाचा कल उघडपणे शेफर्डकडे आहे आणि त्यामुळे दुसरी बाजू थोडी लंगडी झाली आहे. हा मला चित्रपटाचा खरा दोष वाटतो, भूगोलातल्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा. कारण दुसरी बाजू हलकी नाही. तुमच्या घरातले कोणी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले असेल आणि त्याचे औषध एका माणसाच्या रक्तात असेल, तर “त्याला त्रास देऊ नका” असे म्हणणे सोपे जाईल का? विचार करा.

आणि शेफर्ड तरी पूर्ण निर्मळ आहे का? त्यालाही चारूकडून काही हवेच आहे. डॉक्टरांना रक्त हवे, याला गोष्टी हव्यात. तो प्रेमाने विचारतो, गाणे म्हणून दाखवतो, पण तोही त्याच बंद रानात येऊन विचारतो. संध्याकाळी त्याला दार उघडून बाहेर जाता येते, चारूला येत नाही.

हे सारे कल्पनेतले आहे म्हणून सोडून देऊ नका. असे प्रत्यक्षात घडून गेले आहे आणि ते लांबच्या काळातही नाही.

१८९७ साली रॉबर्ट पिअरी या ध्रुव-संशोधकाने ग्रीनलंडमधून सहा इनुइट माणसे न्यूयॉर्कला आणली आणि तिथल्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाच्या हवाली केली. शास्त्रज्ञांना अभ्यास करता यावा, हा हेतू. वर्ष उलटण्याआधीच त्यांतली चार माणसे आजारपणाने मेली. त्यांच्यात किसुक नावाचा एक बाप होता. त्याचा मुलगा मिनिक तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. मुलाच्या समाधानासाठी संग्रहालयाने किसुकचे दफन केले. म्हणजे तसे नाटक केले. कातड्यात गुंडाळून पुरला तो लाकडाचा ओंडका. किसुकची हाडे संग्रहालयाच्या संग्रहात जमा झाली होती. मिनिक मोठा झाल्यावर त्याला हे कळले. त्याने बापाची हाडे मागितली. ती त्याच्या हयातीत मिळाली नाहीत. १९१८ च्या साथीत तो वारला आणि हाडे ग्रीनलंडला परत गेली ती १९९३ साली.

या इनुइटांचा न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी अभ्यास केला, त्यांत आल्फ्रेड क्रोबर नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. पुढे तो कॅलिफोर्निया विद्यापीठात नामवंत मानवशास्त्रज्ञ झाला. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळच्या एका खाटीकखान्याच्या आवारात एक उपाशी, खंगलेला माणूस सापडला. त्याची भाषा कोणालाच कळेना. तो याही या आदिवासी जमातीचा अखेरचा माणूस होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या लोकांची कत्तल केली होती आणि उरलेसुरले लोक चाळीसएक वर्षे डोंगरांत लपून जगले होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘अश्मयुगातला माणूस’ म्हणून गाजवले. हे साफ चूक होते. तो विसाव्या शतकातलाच माणूस होता, त्याच्यावर ओढवलेले संकटही अगदी आधुनिक होते. क्रोबरने त्याला सॅनफ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवले. आपले नाव अनोळख्याला सांगायचे नाही, असा त्याच्या लोकांचा रिवाज होता. म्हणून त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे ‘माणूस’. खरे नाव काय होते, ते आजपर्यंत कोणालाही कळलेले नाही.

इशी संग्रहालयात राहिला, तिथे साफसफाईचे काम करून पगार घेऊ लागला. रविवारी लोक जमत आणि तो त्यांना दगडाचे बाणाग्र घडवून दाखवी. क्रोबरशी आणि एका डॉक्टरशी त्याची मनापासून मैत्री जमली. आपले शब्द, आपल्या कथा, आपली गाणी त्याने त्यांना दिली. ते ज्ञान आज त्याच्यामुळेच शिल्लक आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र शहरातल्या रोगांची त्याच्या शरीराला ओळख नव्हती. १९१६ च्या मार्चमध्ये तो क्षयाने गेला. चित्रपटात चारू आमच्यातल्या एखाद्या साध्या सर्दीनेही आजारी पडत नाही, याची येथे आठवण होते.

इशी मरणाच्या दारी असताना क्रोबर न्यूयॉर्कला होता. त्याने कळवळून पत्र लिहिले, की त्याचे शवविच्छेदन होऊ देऊ नका. विज्ञानाच्या हिताची भाषा कोणी केली, तर माझ्या वतीने सांगा की गेले ते विज्ञान खड्ड्यात, आपण मित्राच्या बाजूने उभे राहू, अशा अर्थाचे ते पत्र होते. शास्त्रज्ञाच्या हातून लिहिली गेलेली इतकी माणुसकीची पत्रे थोडीच असतील. त्या पत्राचा उपयोग झाला नाही. शवविच्छेदन झाले आणि मेंदू काढून वेगळा ठेवला गेला. आणि मग? त्याच क्रोबरने तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे संग्रहासाठी पाठवून दिला! तो तिथे एका टाकीत पडून राहिला. १९९९ साली त्याचा माग लागला आणि २००० साली तो इशीच्या नात्यातल्या जमातींच्या हाती देण्यात आला.

क्रोबर दुष्ट नव्हता. असता, तर गोष्ट सोपी झाली असती. एकाच माणसात मित्रही होता आणि संग्राहकही होता. मित्र गेला, पण मेंदू उरला, तो वाया का घालवायचा, असे संग्राहकाला वाटले असणार. म्हणून चारूचे काय करायचे, हे एखाद्या भल्या शेफर्डच्या मनावर सोडून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी नियम हवा आणि तो माणूस जागा होण्याआधीच ठरलेला हवा. असा नियम आता आहेही. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ साली हेलसिंकी येथे मानवी प्रयोगांसाठी एक जाहीरनामा स्वीकारला. १९७५ साली त्यात सुधारणा झाली, तेव्हा स्पष्ट म्हटले गेले, की ज्याच्यावर प्रयोग होतो त्याचे हित विज्ञानाच्या आणि समाजाच्या हिताच्या वर राहिले पाहिजे. म्हणजे असंख्य रोग्यांच्या बाजूने कितीही जड युक्तिवाद झाला, तरी काचेआडच्या एकाने ‘हो’ म्हटल्याशिवाय सुई टोचता येत नाही.

आणि त्याला ‘हो’ म्हणता येत नसेल तर? तो आपली भाषा जाणत नाही. रक्त म्हणजे काय ते जाणतो, पण चाचणी म्हणजे काय ते जाणत नाही. मग थांबायचे. जखम झाली तर बांधायची, ताप आला तर औषध द्यायचे, खायला-प्यायला द्यायचे आणि भाषा शिकत बसायचे. त्याला वर्ष लागो की दहा वर्षे लागोत. दारी आलेल्या अनोळखी पाहुण्याला आपण आधी पाणी विचारतो, त्याच्या वजनाची नोंद करीत नाही.

काही शिक्षक म्हणतील, हा विचार आज कशाला? गोठलेला माणूस उठणार नाही, हे तर तुम्हीच सिद्ध केलेत. खरे आहे. पण माणूस परत आणण्याची वाट बर्फातूनच जाते, असे नाही. निअँडरथलचा जनुकसंच आता आपल्याजवळ आहे. त्यातले एक जनुक मानवी मूलपेशींत घालून त्यांपासून मेंदूच्या ऊतींचे बारीक गोळे प्रयोगशाळेत वाढवल्याचे वृत्त २०२१ साली शास्त्रीय नियतकालिकात आले. त्याआधी, २०१३ साली, जॉर्ज चर्च या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने निअँडरथलचे मूल जन्माला घालण्याच्या शक्यतेची मुलाखतीत चर्चा केली आणि जगभर गदारोळ झाला. आपण तसे करायला निघालेलो नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. ते मूल जन्मले, तर त्याचा वर्ग कोणता, घर कोणते? त्याच्या जन्माची परवानगी तर कोणी त्याच्याकडे मागूच शकत नाही. माझ्या मते हे काम हाती न घेणेच बरे. मॅमथच्या बाबतीत मी इतका ठाम नाही.

चित्रपटाच्या शेवटाविषयी शाळेत वाद होईल, म्हणून तोही सांगतो. चारू आपल्या लोकांना वाचवण्यासाठी एका मोठ्या पक्ष्याच्या शोधात निघाला होता, असे शेफर्डला उमगू लागते. आकाशातून घरघरत जाणारे हेलिकॉप्टर चारूला तोच पक्षी वाटते. शेफर्ड त्याला केंद्रातून बाहेर पडायला मदत करतो. अखेर चारू त्या हेलिकॉप्टरला लटकतो, उंच आकाशात जातो आणि तिथे हात सोडून देतो. पडताना त्याच्या चेहऱ्यावर आनंद आहे. काही जण म्हणतील, शेफर्डने त्याला मरू दिले. काही म्हणतील, त्याने त्याला जाऊ दिले. माझे मन दोन्हीकडे ओढले जाते.

शिक्षकांना एक सुचवतो. हा प्रश्न वर्गात खटल्यासारखा चालवून पाहा. एकाने डॉक्टर व्हावे, एकाने शेफर्ड, एकाने असाध्य आजाराने पडलेल्या मुलाची आई, दोघातिघांनी न्यायाधीश. आणि एकाने चारू. चारू होणाऱ्याला एकच अट घाला. त्याने वर्गातल्या कोणालाही येत असलेल्या भाषेतला एकही शब्द उच्चारायचा नाही, आणि त्याचे म्हणणे नोंदले गेल्याशिवाय न्यायाधीशांनी निकाल द्यायचा नाही. तास पुरणार नाही, दोन तास जोडून घ्या.